समाध्यांच्या काठावरची चिंच

तुम्ही इथं आलात तर मला झाड म्हणणारच नाही. कमरेएवढं काळं खोड, एका अंगाला उघडी पडलेली मुळं आणि मुळांखाली पाणी. "हे सरपण कुणी नेलं कसं नाही?" असं म्हणून एखादा माझ्यावर पाय ठेवून फोटो काढेल. काढू द्या. पण मित्रांनो, मी चिंच आहे. माझं वय मलाच नीट ठाऊक नाही. माझ्याखाली सूरपारंब्या खेळलेल्या मुलांची नातवंडंसुद्धा म्हातारी होऊन इथल्याच मातीत निजली, एवढं मात्र पक्कं सांगते.

माझं ठिकाण म्हणजे नाथसागराचा काठ. छत्रपती संभाजीनगरात तुमच्या नळाला जे पाणी येतं, ते याच जलाशयातलं. म्हणजे आपली ओळख नसली तरी तुम्ही माझ्या शेजारचं पाणी पीतच मोठे झालात.

मी कुणी हौसेनं लावलेली नाही. खडकपिंपरी गावच्या एका थोर माणसाची समाधी बांधायला एक पाथरवट आला होता. तो दिवसभर नंदी घडवायचा, आणि त्याची बायको शेजारी बसून चिंच चोखत चिंचोके टाकायची. त्यातला एक चिंचोका मी. पाथरवट निघून गेला, नंदी राहिला आणि मी उगवले. या गावात लिंगायत घरं पुष्कळ. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, मातीत बसवतात. पहिल्या समाधीच्या शेजारी दुसरी झाली, मग तिसरी, आणि बघता बघता ही टेकाडाची जागा गावाची समाधीभूमी झाली. मी मधोमध होते. नांगर धरणारे, दुकान चालवणारे, सावकार, सालदार, सगळे माझ्याखाली आले आणि सगळ्यांना मी सारखीच सावली दिली.

मित्रांनो, स्मशानातलं झाड म्हणून लोक मला भ्यायचे असं समजू नका. उन्हाळ्यात बायका काठ्या घेऊन चिंचा झोडायला यायच्या. दुपारी गुराखी झोपायचे. माती द्यायला आलेली माणसं शेवटी माझ्या बुंध्याला टेकून बसायची आणि "चिंच हाय म्हून बसवतं तरी इथं," असं म्हणायची. त्या वेळी गोदावरी पार खाली, लांब, रेतीतून वाहायची. तिचा आवाजसुद्धा इथवर येत नसे.

मग धरण झालं. पन्नासेक वर्षं झाली असतील. माणसं बैलगाड्यांत पेट्या, पाळणे, उखळं भरून उंचावरच्या नव्या गावठाणात गेली. घरं, विहिरी, मारुतीचा पार पाण्यात गेला. आमचं टेकाड उंच, म्हणून समाध्या तेवढ्या राहिल्या. सरकारदप्तरी ही जमीनसुद्धा धरणात गेलेली, पण पाणी आमच्या पायथ्याशी येऊन थांबलं. लोकांना हायसं वाटलं. गाव गेलं, तरी वाडवडील राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी आवडाबाई माझ्या आयुष्यात आली. तिचं दुःख घेऊनच आली.

आवडाबाई नव्या गावातल्या शेतकरी घरातली सून. तिची थोरली मुलगी सुरेखा. शाळा सुटली की सुरेखा माझ्या खालच्या फांदीला लोंबकळायची आणि पिकायच्या आधीच कच्च्या चिंचा खाऊन दात आंबवून घ्यायची. एका पावसाळ्यात तिला ताप आला. तो डोक्यात गेला, आणि पैठणला नेईपर्यंत सगळं संपलं. त्या वेळी धाकटा कृष्णा पाळण्यात होता. आवडाबाईच म्हणाली, "तिला चिंचंखाली ठिवा. तिला दुसरीकडं कुठं करमायचं नाय." माझ्या बुंध्यापाशी, जिथं माझी सगळ्यात जाड मुळं जमिनीत शिरतात, तिथं तिला माती दिली.

मुळं माती शोधतात, ओल शोधतात. हळूहळू माझी मुळं तिच्या अवतीभवती गेली. मी तिला जपलं, असं मोठेपणानं सांगत नाही. झाडाला जे करता येतं ते मी केलं. तिला धरून राहिले.

आवडाबाई दर सोमवारी यायची. झाडून घ्यायची, पाणी शिंपडायची, बेल वाहायची. पुढं नवरा गेला, तोही इथंच आला. कृष्णा शिकला, शहराजवळ वाळूजच्या एका कारखान्यात लागला, तिकडंच त्यानं घर केलं. "माय, चल आता तिकडं," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. ती म्हणायची, "मी आले तर हितं झाडणार कोण?"

आणि याच काळात पाणी आमच्याकडं सरकू लागलं.

मित्रांनो, धरणाचं पाणी शांत असतं असं तुम्हाला वाटत असेल. पश्चिमेचा वारा सुटला की एवढ्या रुंद पाण्यावरून लाटा धावत येतात आणि काठाच्या मातीला ढुसण्या देतात. खालची माती विरघळते, तिथं पोकळी होते. वरची कड काही दिवस अधांतरी उभी राहते, मग एकदम ढेकूळ निखळावं तशी पाण्यात बसते. धपकन आवाज येतो आणि पाणी गढूळ होतं, बस्स. धरण भरलं की शहरात आनंद होतो. व्हायलाच हवा, पाण्याविना माणूस जगेल कसा? पण ज्या ज्या वर्षी ते काठोकाठ भरलं, त्या त्या वर्षी आमची एक एक पट्टी गेली. आधी बांध गेला, मग तरवडाची झुडपं गेली. मग एका सकाळी पारूबाई नावाची म्हातारी ताटात फुलं घेऊन आपल्या सासऱ्याच्या समाधीला आली, आणि पाहते तर तिथं काहीच नव्हतं. सरळ कापलेली कड आणि खाली पाणी. ती बराच वेळ ताट धरून उभी राहिली. शेवटी तिनं फुलं पाण्यावर टाकली आणि पाठमोरी झाली. त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

आवडाबाईनं हातपाय गाळले नाहीत. तिचा दीर कडुबा, स्वभावानं तुसडा पण कामाला वाघ. दोघांनी बैलगाडीनं दगड आणून काठाशी रचले. ओल्या काळ्या मातीनं ते एकाच पावसाळ्यात गिळून टाकले. मग रेतीनं भरलेली पोती लावली. उन्हानं पोती कुजली, लाटांनी फाडली. कृष्णानं तिला शहरात एका कचेरीत नेलं. परत आल्यावर माझ्याखाली बसून तिनं ते सगळं कडुबाला सांगितलं, म्हणून मला कळलं.

"साहेब वाईट नव्हते," ती म्हणाली. "च्या पाजला. म्हणले, मावशी, ती जमीन केव्हाच सरकारात गेलीय, तिथं भिंत बांधायची सोय नाय. मी म्हणलं, साहेब, जमीन सरकारात गेली, माणसं नाय ना गेली?"

"मंग?" कडुबानं विचारलं.

"मंग काय. फाईल मिटली. म्हणले, असा कितीक कोस काठ ढासळतोय मावशी, मी कुठं कुठं भिंत घालू?"

 कडुबानं वर माझ्याकडं पाहिलं. मला त्याची नजर कळली. कारण त्याच्या आधीपासून मला एक गोष्ट कळून चुकली होती, आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं.

मी कलले होते.

पाण्याकडची माझी मुळं उघडी पडून वाऱ्यावर लोंबत होती. माझा पसारा मोठा, पानोळा दाट. वारा आला की तो माझ्या शेंड्यात भरायचा आणि मला पाण्याकडं ओढायचा. मी खाली जाणार हे दुःख नव्हतं, मित्रांनो. झाडं पडतातच. पण माझी मुळं सगळ्या टेकाडाच्या पोटात पसरलेली. मी पडले तर एकटी पडणार नव्हते. इतकी वर्षं जी माती धरली, तीच माती उखडून, सुरेखाला, तिच्या बापाला, त्या पहिल्या नंदीला, सगळ्यांना घेऊन मी पाण्यात जाणार होते. ज्यांची मी राखण करत होते, त्यांच्या जिवावर मीच उठले होते. मला हलकं होता येत नव्हतं. पानं गाळावीत म्हटलं, तर भर भाद्रपदात चिंच पानं गाळत नाही.

कडुबानं हातातली कुऱ्हाड खाली टेकवली. "वहिनी, राग मानू नका. चिंच तोडावी लागंल."

आवडाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं सुरेखाचंच नाव घेऊन वाईट शब्द काढला. "भाऊजी, माझ्या लेकीला हिच्या मुळांनी धरलंय. आन् तुमी हिलाच तोडा म्हणता?"

"पडली तर समदी कड घिऊन जाईल."

"पडायची नाय."

"वहिनी..."

"पडायची नाय म्हणलं ना!" ती ओरडली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. कडुबा कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी वारा सुटला. पाण्यावर पांढऱ्या रेघा धावू लागल्या. मी मुळांनी जमीन घट्ट धरली, पण माझ्या पाठीमागं, समाध्यांच्या मधून, जमीन उकलत गेली. वारा आला की भेग उघडायची, वारा ओसरला की मिटायची. नंदी एका कुशीवर कलंडला.

आवडाबाई तशा वाऱ्यात आली. पदर तोंडावर येत होता, तो तिनं कमरेला खोचला. तिला भेग दिसली. तिनं गुडघे टेकून त्या भेगेत हात घातला, कोपरापर्यंत. तेवढ्यात वारा आला आणि माझं मूळ तिच्या बोटांखाली उचललं गेलं. तिनं हात झटकन काढला. मग पुन्हा घातला. वारा, मूळ, माती, सगळं तिच्या हाताला कळत होतं. मी तिला बोलून सांगू शकले नव्हते, ते असं सांगितलं गेलं.

ती तिथंच बसून राहिली. रडली नाही. मग उठली आणि वाऱ्याशी भांडत कडुबाच्या शेताकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. कडुबा आला, कृष्णा शहरातून यंत्राची करवत घेऊन आला, गावातली आणखी चार माणसं दोर घेऊन आली. आवडाबाई माझ्यापाशी आली. तिनं माझ्या सालीवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुला पाडीत नाय बाई. हलकी करते."

मग ती मागं सरून सगळ्यांना म्हणाली, "आधी पाण्याच्या अंगाच्या फांद्या घ्या. दोर गावाच्या अंगाला ओढा. खोड कमरेइतकं राहू द्या, मुळांना हात लावायचा नाय."

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. सुरेखा जिला लोंबकळायची ती फांदी गेली तेव्हा आवडाबाईनं तोंड फिरवलं. पण एकेक फांदी उतरत गेली तशी माझी मुळं पुन्हा मातीत बसत गेली. शेवटी कमरेवरचं खोड गावाच्या बाजूला आडवं झालं. माझ्या मागची भेग अर्धी मिटली. माझं लाकूड कुणी घरी नेलं नाही. कडुबानं फांद्यांच्या मोळ्या बांधून काठाच्या पायथ्याशी रचल्या, लाटांचा मार त्यांच्यावर यावा म्हणून. माझेच हात माझ्याच पायांशी ठेवले.

त्या वर्षी कड टिकली. उत्तरेचा कोपरा तेवढा गेला, बाकी टिकली. पण आता हे फार दिवस चालायचं नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा गावानं ठरवलं की जेवढ्यांना नेता येईल तेवढ्यांना नव्या गावठाणात न्यायचं. लिंगायतांचे पुरोहित, जंगम स्वामी आले, मंत्र म्हटले. अलीकडच्या समाध्या उकरून अस्थी नव्या कापडात बांधल्या. जुन्या समाध्यांची मूठ मूठ माती घेतली. नंदीला ट्रॅक्टरवर चढवताना म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. आवडाबाईनं नवऱ्याला नेलं. बापाचं गाठोडं कृष्णानं छातीशी धरलं होतं.

मग सगळे सुरेखापाशी आले.

कडुबानं कुदळ घातली. मूळ लागलं. बाजूला घातली. मूळ लागलं. चारी अंगांनी खणलं तरी टोपली विणावी तशी माझी मुळं एकमेकांत गुंतलेली. कडुबा घाम पुसत वर आला. "वहिनी, खोड उपटल्याबिगर लेक निघायची नाय. जेसीबी लागंल."

"आणतो मी जेसीबी," कृष्णा म्हणाला.

आवडाबाईनं मागं पाहिलं. मागच्या अंगाला सगळ्यात जुन्या समाध्या होत्या. दगड झिजलेले, काहींना दगडच नाही, फक्त उंचवटे. त्यांचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांची माती न्यायलाही कुणी आलं नव्हतं.

"खोड उपटलं तर मागची जागा टिकंल का?" तिनं विचारलं.

कडुबानं मान हलवली. "एक पावसाळा बी नाय."

"मंग राहू द्या."

कृष्णाला ते कळेचना. "माय, मागं कोण हाय? त्यांची नावं बी कुणाला ठावूक नायत. त्यांच्यापायी सुरेखाताईला हितं सोडायचं?"

"नावं ठावूक असणारं बी कुणीतरी होतं रं त्यांना. असंच रडलं असंल कुणी हितं बसून."

"आन् तू? तुझं काय?" कृष्णानं खड्ड्याकडं बोट केलं. "मी तिला पाहिलं बी नाय माय. निदान तिकडं नेली असती, तर राखीला जाऊन बसलो असतो."

आवडाबाई त्याच्याजवळ गेली, पण त्यानं तिचा हात घेतला नाही. तो तडक मोटारसायकलवर बसून शहराकडं गेला. ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि काढलेली माती ओंजळीनं पुन्हा आत लोटू लागली. तेव्हा मात्र ती रडली. इतकी रडली की कडुबासारखा तुसडा माणूस लांब जाऊन पाण्याकडं तोंड करून उभा राहिला.

पुढच्या रविवारी मोटारसायकलचा आवाज आला. कृष्णाच होता. मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात वाळ्याचे ठोंब आणि निरगुडीच्या काड्यांचा भारा. आईकडं न पाहता तो म्हणाला, "रोपवाटिकेतल्या माणसाला विचारलं. एक मोठं झाड काठ धरत नाय म्हणला. बारीक मुळाचं, दाट लावा म्हणला."

दोघांनी मिळून ते सगळ्या उतारावर लावलं. पाणी तेव्हा लांब गेलेलं होतं. आवडाबाई भेगाळलेल्या गाळातून चालत जायची आणि कळशी भरून आणून एकेका काडीला पाणी घालायची. धरणाच्या काठाला राहून एकेका काडीला पाणी पाजणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. जाताना कृष्णा माझ्यापाशी थांबला. बहिणीच्या जागेवर त्यानं राखी ठेवली, सणाला अजून वेळ होता तरी. मग मात्र त्यानं आईचा हात हातात घेतला.

आता पुन्हा भाद्रपद आहे. धरण भरत आलं आहे. शहरात आनंद असेल. इथं पाणी माझ्या मुळांना लागलं आहे. अर्धी निरगुडी जगली, अर्धी पहिल्याच लाटांनी नेली. वाळा अजून कोवळा आहे. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. पाण्याकडची माझी मुळं मेली आहेत. मेलेलं मूळ काही वर्षं माती धरतं, मग सोडतं. कोवळी मुळं खोल जायच्या आत माझी सुटली, तर मागचे ते बिननावाचे सगळे आणि माझ्या पोटातली ती पोर पाण्यात जातील. रोज वारा सुटला की मी लाटा मोजत नाही, विचार करत नाही. फक्त धरते. आवडाबाई रोज येते, गेलेल्या जागी नवी काडी खोचते आणि परत जाते. तिचे गुडघे दुखतात, उतारावर आता तिला बसून सरकत यावं लागतं.

मित्रांनो, झाडं तोडू नका, असं तुम्हाला शाळेत सांगतात. मी तसं सांगायला बसले नाही; मला तोडलं ते बरंच केलं. माझं मागणं वेगळं आहे. जे पाणी तुम्ही पिता, त्याला काठ आहे, आणि काठावर कुणाचं तरी कुणीतरी निजलेलं आहे. काठाची माती एकट्या झाडाला, एकट्या म्हातारीला धरता येत नाही. निरगुडीची काडी ओल्या मातीत खोचली की जगते, तिला कौतुक लागत नाही.

सुट्टीत इकडे आलात, तर येताना एक काडी घेऊन या. आवडाबाईला उतारावरून खाली यायला हात द्या, आणि ती दाखवेल तिथं खोचा.